स्प्लिंट मिळाली, पण बूट कोण देणार?

“मॅडम, हा पोट्टा आजकाल चालायलेच पाहत नाही. खेळाच्या तासाले बसूनच राहते म्हणतेत याच्या टीचर.”

हुडकेश्वरहून आलेली आई सांगत होती. मुलगा आठ वर्षांचा. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाली आणि डावा हात, डावा पाय ताठर राहिला. सेरेब्रल पाल्सीचा हा एक प्रकार. डाव्या पायात पोटरीपासून बोटांपर्यंत जाणारी प्लास्टिकची स्प्लिंट. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपूरच्या धंतोलीत गेली सोळा वर्षं अशीच मुलं पाहते. त्यामुळे सवयीप्रमाणे डावा पाय हातात घेतला. घोटा वर वळवून पाहिला, पोटरी किती ओढते ते पाहिलं, स्प्लिंटचे पट्टे तपासले. सगळं मागच्या वेळेसारखंच होतं. बिघडलेलं काही सापडेना.

उजवा बूट मी काढलाच नव्हता. तो पाय तर चांगला. निघताना मोजा गोळा झालाय म्हणून आईनेच तो बूट काढला, आणि मग दिसलं. टाचेवर दोन फोड, त्यातला एक फुटलेला, मोजा त्याला चिकटलेला. बोटांच्या सांध्यांवर, वरच्या बाजूने काळसर घट्टे. बुटाच्या पुढच्या टोकात कापसाचा बोळा कोंबलेला. मोजा पाण्याने भिजवून सोडवेपर्यंत पोरगा काही बोलला नाही, नुसतं आईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून बसला.

झालं होतं ते असं. त्याचं डावं पाऊल १२ नंबरचं. पण स्प्लिंटसकट बूट चढायचा तर २ नंबर घ्यावा लागला. मुलांच्या बुटांत १३ नंतर पुन्हा १ येतो, म्हणजे हा तीन नंबर मोठा. त्या पायाला एवढी लांबी नको होती, रुंदी हवी होती. पण शाळेचा बूट आपल्या बाजारात रुंदीच्या मापाने मिळत नाही, म्हणून रुंदीसाठी लांबी विकत घ्यावी लागते. आणि बूट जोडीनेच मिळतात. उजव्या पायाला १३ नंबर पुरला असता, त्यालाही २ नंबरच घालावा लागला. एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर म्हणजे सतरा मिलिमीटर मोकळी जागा. अशा बुटात पाय प्रत्येक पावलाला पुढेमागे सरकतो आणि बूट निसटू नये म्हणून बोटं आत वळून तळ धरून ठेवतात. सकाळी सातपासून शाळा सुटेपर्यंत.

त्याला कंटाळा आला नव्हता. त्याचा चांगला पाय दुखत होता.

सोळा वर्षं मी ज्या पायात दोष आहे तोच पाय आधी पाहत आले. त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक मुलाचे दोन्ही बूट, दोन्ही मोजे मी आधी काढते, बुटात हात घालून सुकतळा चाचपते आणि मग बाकीच्या तपासणीला लागते. एवढ्या एका सवयीने काय काय दिसायला लागलं! स्प्लिंटला जागा व्हावी म्हणून सुकतळा काढून टाकलेले बूट. जीभ कात्रीने कापलेले बूट. टाचेचा कडक भाग दाबून दाबून चप्पल करून टाकलेले. मोठ्या भावाचे, दोन मोज्यांवर घातलेले. अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं, करंगळीवर कुरूप, घोट्याच्या हाडावर लाल चट्टा. हे सगळं आयांनी आपल्या परीने काढलेले मार्ग आहेत आणि त्यांत मला त्यांचा दोष दिसत नाही. दुकानात जे मिळतं, शाळेत जे चालतं आणि खिशात जे असतं, त्या तिन्हींच्या मधून त्यांना वाट काढायची असते.

त्या मुलाची स्प्लिंट सरकारी योजनेतून मिळालेली होती. चांगली होती, मापात होती. ती कोणत्या बुटात जाणार हे मात्र त्या आईला कोणी विचारलं नव्हतं. माझी मागणी इथूनच सुरू होते. दिव्यांग मुलाचा बूट गणवेशात मोजू नका, साधनात मोजा. जो स्प्लिंट देतो त्यानेच तिच्यावर चढणारा बूट द्यावा, आणि दोन पायांची मापं वेगळी असतील तर दोन वेगळ्या मापांचा द्यावा. आणि जी शाळा बूट सक्तीचा करते, तिने तो बूट त्या पायाला बसतो की नाही हे पाहावं.

ही मागणी कायद्याबाहेरची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. त्यातलं कलम १६ शाळांना सांगतं की दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने शिक्षण द्या आणि खेळाची, मनोरंजनाची संधीही बरोबरीने द्या. कलम १७ सांगतं की लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत योग्य सहाय्यक साधनं मोफत पुरवा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत तर सर्जिकल फुटवेअर, म्हणजे पायातल्या दोषासाठी खास बनवलेले बूट, आणि मऊ रबराच्या तळाच्या एमसीआर चपला यांचा उल्लेखही आहे. म्हणजे कागदावर बूट आहे. प्रत्यक्षात शिबिरात मूल येतं तेव्हा माप घेतलं जातं ते तीनचाकीचं, कुबड्यांचं, कॅलिपरचं. आज मोजमाप आणि काही महिन्यांनी वाटप, ही शिबिरांची रीत व्हीलचेअरला कशीबशी चालून जाते. वाढत्या पावलाला चालत नाही. बारा वर्षांखालच्या मुलाला नवीन साधन वर्षभराने मागता येतं, पण लहान मुलाचं पाऊल वर्षभर थांबत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाचं माप दर दोन-तीन महिन्यांनी पाहावं लागतं, शाळेत जाणाऱ्याचं निदान चार-सहा महिन्यांनी.

बुटाला साधन मानणं यंत्रणेला अवघड आहे असंही नाही. जन्मतः पाऊल आत वळलेलं असतं त्या क्लबफूटच्या बाळांचं उदाहरण घ्या. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात आणि मग दांडीने जोडलेले दोन बूट घालायला देतात. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री झोपताना. तिथे बूट हाच उपचार आहे, तो सोडला तर पाऊल पुन्हा वळतं, हे प्रत्येक डॉक्टर बजावून सांगतो. एकाच पायाला क्लबफूट असेल तर ते पाऊल आयुष्यभर थोडं लहान राहतं. पण दांडीचा बूट सुटला आणि मूल शाळेत जायला लागलं, की त्याच्या दोन पायांच्या दोन मापांची चौकशी संपते. तेव्हापासून ते ‘गणवेशातलं’ मूल होतं.

गणवेशाचंही पाहू. राज्य सरकारने २०२३-२४ पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरवलं, विद्यार्थ्यामागे १७० रुपये. अनवाणी शाळेत येणाऱ्या मुलांचा विचार झाला याचं मला मनापासून बरं वाटलं. पण १७० रुपयांत कुणाच्याही पायाला धड बूट मिळणं मुश्कील, आणि स्प्लिंट घालणाऱ्या मुलाचा तर त्यात विचारच नाही. खाजगी शाळांत वेगळीच अडचण. बूट काळाच, लेसचाच, अमुक दुकानातलाच. एका हाताने लेस बांधता न येणाऱ्या मुलीने वेल्क्रोचा बूट घातला म्हणून तिच्या डायरीत शेरा आलेला मी पाहिला आहे. शेरा लिहिणाऱ्या बाईंना त्या बुटामागचं कारण माहीतच नव्हतं, कारण विचारायची पद्धत नाही. शाळेच्या नियमावलीत ‘आरोग्याच्या कारणासाठी वेगळा बूट चालेल’ एवढं एक वाक्य घालायला एक पैसा लागत नाही.

कुणी म्हणेल, मग बूटच कशाला? आपले आजोबा-पणजोबा अनवाणी फिरलेच ना? प्रश्न रास्त आहे. कर्नाटकातल्या दोन अस्थिरोगतज्ज्ञांनी १९९२ साली २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून प्रसिद्ध केले. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के निघाले, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के, आणि बंद बूट घालणाऱ्यांत सगळ्यांत जास्त. सुदृढ मुलाचं पाऊल मोकळं राहिलं तर ते आपोआप घडतं, हे मीही आयांना सांगते. सहाव्या वर्षापर्यंत तळव्याला कमान दिसली नाही तर घाबरू नका असंही सांगते. दुकानातून ‘कमान तयार करणारे’ महागडे सुकतळे आणू नका हे तर हात जोडून सांगते. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सपाट पायांच्या लहान मुलांना तीन वर्षं खास बूट, टाचेचे कप घालायला दिले आणि शेवटी एक्स-रे काढले. साध्या बुटातल्या मुलांत आणि त्यांच्यात फरक निघाला नाही. म्हणजे मी बुटांची वकिली करत नाही. बूट पायाला सुधारतो असं माझं म्हणणंच नाही. तो पायाला चावू नये, एवढंच म्हणते आहे.

शिवाय स्प्लिंटवर अनवाणी चालता येत नाही, गुळगुळीत प्लास्टिक फरशीवर घसरतं. आणि नागपूर हे नागपूर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर, डांबर मऊ पडतं, सिमेंटचे रस्ते संध्याकाळी सातलासुद्धा धग सोडतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, दिवाळीनंतर मैदानावर गोखरू.

या उन्हाची एक गोष्ट मला विसरता येत नाही. पाठीच्या कण्याची घडण जन्मतः अर्धवट राहिलेली, स्पायना बिफिडा असलेली एक मुलगी आमच्याकडे येते. तिला पायांत जोर थोडा आहे, पण तळव्याला जाणीव जवळजवळ नाही. चैत्रात घरच्यांबरोबर ती देवदर्शनाला गेली. भर दुपार, चपला बाहेर काढलेल्या. बाकीची मुलं चटके बसताच उड्या मारत सावलीकडे पळाली. ही वॉकर घेऊन सावकाश चालत राहिली, कारण तिला काही लागतच नव्हतं. घरातले तिचं कौतुक करत होते, बघा किती शहाणी, अजिबात रडत नाही. संध्याकाळी पांढरा मोजा ओला दिसला तेव्हा आईला कळलं. जखम भरायला तीन महिने गेले, आणि ते तीन महिने मुलगी खाटेवर. जे फरशीने केलं तेच अशा पायाला बुटातली मोज्याची एक सुरकुतीही करू शकते, बुटात राहिलेला एक खडाही करू शकतो. दुखतच नाही तर मूल सांगणार कसं?

बधिर पायाला काय लागतं, हे विदर्भाला नव्याने शिकायची गरज नाही. वर्ध्याजवळचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन ही कुष्ठरुग्णांच्या सेवेची केंद्रं आपल्याच भागातली. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला दाखवून दिलं होतं की कुष्ठरोगात बोटं झडतात ती कुजून झडत नाहीत. जाणीव गेल्यामुळे रोजच्या रोज होणाऱ्या, न कळणाऱ्या जखमांनी ती झिजतात. त्यातूनच मऊ, सच्छिद्र रबराच्या तळाची एमसीआर चप्पल आपल्याकडे रुळली. पायाला जाणीव नसेल तर रोज रात्री तळवे बघा, बूट घालण्याआधी तो उपडा करून झटका, शिवण आतून बोचते का ते हाताने पाहा, हे कुष्ठसेवेतल्या माणसांनी कधीपासून सांगितलेलं ज्ञान आहे. ते आमच्या फिजिओथेरपीच्या खोल्यांत आणि स्पायना बिफिडाच्या मुलांच्या घरांत पोचलेलं नाही. पोचवणं आमचं काम होतं.

प्रत्येक दिव्यांगत्वाचा पाय वेगळा असतो, हेही लोकांना ठाऊक नसतं. डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं पाऊल आखूड आणि चवड्याकडे रुंद असतं, अंगठा आणि शेजारचं बोट यांत फट असते, सांधे सैल असल्याने उभं राहिलं की पाऊल आणखी पसरतं. त्यांना लांबीने बरोबर बूट घेतला तर रुंदीला आवळतो, रुंदीने घेतला तर पुढे बोटभर रिकामा राहतो आणि मूल ठेचकाळतं. कित्येक पालक शेवटी सँडलवर येतात, आणि तीच त्यातल्या त्यात बरी. स्वमग्न मुलाला मोज्याची शिवण बोटांवर आलेली सहन होत नाही. ते बूट भिरकावतं आणि लोक म्हणतात हट्टी आहे. आणि टाचा उचलून चवड्यावर चालणारा, हल्ली जिना चढायला नको म्हणणारा, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकणारा पाच वर्षांचा मुलगा असेल, तर बुटाच्या दुकानात न जाता आधी डॉक्टरकडे जावं. स्नायू झिजण्याच्या आजाराची सुरुवात अशीही असते.

आता खेळाच्या तासाकडे येते, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींबद्दलच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा पहिल्यांदाच दिव्यांगांसाठी वेगळं लिहिलं. पाच ते सतरा वर्षांच्या दिव्यांग मुलांनीही रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं त्यात म्हटलं आहे. साठ मिनिटं, म्हणजे इतर मुलांना सांगितली तेवढीच. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी विचारते, खेळाच्या तासाला काय करता? एक मुलगी म्हणाली, “मी सगळ्यांच्या बाटल्या सांभाळते.” एवढ्या आनंदाने सांगितलं तिने की पुढे विचारवेना. सरांनी प्रेमानेच ते काम दिलेलं असतं. पडेल, लागेल, पालक बोलतील, ही भीतीही खोटी नाही. पण बसून राहणाऱ्या मुलाचं वजन वाढतं, वाढलेलं वजन त्याच त्या अशक्त पावलांवर येतं, पाय जास्त दुखतात, मग ते आणखी बसतं. ताठर पोटरी हालचाल नसली की आणखी आखडते. आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येऊन पाऊण तास ताणून घेतलेले स्नायू शाळेत बाटल्या सांभाळत बसल्यावर टिकत नाहीत.

बूट बदलला म्हणजे ही सगळी मुलं उद्या धावतील, असं मी म्हणत नाही. कित्येकांना बूट उत्तम असूनही मैदानावर कोणी बोलावत नाही. पण जे मूल दुखतं म्हणून बसतं, त्याला ‘याला खेळायची आवड नाही’ म्हणून मोकळं होणं हा अन्याय आहे. आवड आहे की नाही हे कळायला आधी दुखणं तरी थांबायला हवं. त्यातही ही मुलं तक्रार करत नाहीत. काहींना बोलता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांनी जन्मापासून इतकी प्लास्टरं, सुया, ताणणं सोसलेलं असतं की पायात बूट चावणं त्यांना सांगण्यासारखं वाटतच नाही.

मोठ्यांनी तरी ते कधी महत्त्वाचं मानलं? पायीची वहाण पायी बरी, अशी आपली म्हण. चप्पल-बूट घराबाहेर काढायचा, त्याला हात लागला तर हात धुवायचा. मुलाला शाळेत घालताना दप्तर दहा ठिकाणी पाहतो आणि बूट ‘दोन वर्षं चालेल असा दाखवा’ म्हणून घेतो. डॉक्टरांच्या टेबलापाशी मूल येतं तेव्हा बूट दाराबाहेर राहिलेला असतो, त्यामुळे तो तपासणीत येतच नाही. पायांचा स्वतंत्र तज्ज्ञ ही गोष्टही आपल्याकडे जवळजवळ नाही. अस्थिरोगतज्ज्ञ हाड पाहतो, मी स्नायू पाहते, ऑर्थोटिस्ट स्प्लिंट करतो. बूट कुणाच्याच वाट्याला येत नाही आणि शेवटी तो दुकानातल्या मुलावर सोडलेला असतो, जो अंगठ्याने बुटाचं टोक दाबतो आणि म्हणतो, “बरोबर आहे, ताई.”

माप घ्यायला फार मोठी विद्या लागत नाही. मुलाला कागदावर उभं करायचं, बसवून नाही, कारण वजन आलं की पाऊल पसरतं. टाच भिंतीला लावायची. सगळ्यांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करायची. ते बोट दर वेळी अंगठाच असतो असं नाही. चवडा जिथे सर्वांत रुंद तिथे दोन्ही बाजूंना खुणा. दोन्ही पायांचं, आणि स्प्लिंट घालत असेल तर स्प्लिंट आणि मोज्यासकट. त्या लांबीत एक सेंटिमीटरभर मोकळी जागा धरली की बूट कळला. बूट आणल्यावर आतला सुकतळा बाहेर काढून त्याच्यावर मुलाला उभं करायचं. पाऊल कडेने बाहेर सांडत असेल तर तो बूट नको. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तेव्हा एकदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा आणि संक्रांत झाल्यावर एकदा, शाळेत उंची-वजन घेतात तसं हे माप घेऊन मुलाच्या नोंदवहीत लिहिता येईल. एका शाळेत अशी मुलं मोजकीच असतात. अर्ध्या तासाचं काम आहे.

रुंदीच्या मापाबद्दल एक आशेची गोष्ट आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. आजवर आपण ब्रिटिश आणि युरोपीय मापांचे बूट घालत आलो, आणि आपली पावलं त्यांच्यापेक्षा रुंद असल्याचं त्यातून पुढे आलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती तयार झाली. ती दुकानांत खरोखर रुळली तर अर्ध्या पालकांची अडचण हलकी होईल. पण त्या मापातही दोन पाय सारखेच धरलेले असणार. म्हणून बूट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी दिव्यांग प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला दोन नंबरांची एक जोडी द्यावी, एका जोडीच्या किमतीत. शहरात एखाद्या दुकानाला वर्षातून अशी किती गिऱ्हाइकं येणार?

आणि कंपन्यांची वाट पाहत बसायचंही कारण नाही. नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाच्या अलीकडे एक मोचीकाका बसतात. हुडकेश्वरच्या त्या मुलासाठी १ नंबरचा डावा बूट मी त्यांच्याकडे घेऊन गेले, सोबत स्प्लिंटही. त्यांनी स्प्लिंट बुटात घालून पाहिली, काढली, पुन्हा घातली. मग रापीने बुटाचा वरचा भाग पार बोटांपर्यंत उघडला, जीभ दुप्पट रुंद करून शिवली, लेसच्या जागी वेल्क्रोचे दोन पट्टे लावले, आतला जाड सुकतळा काढून पातळ घातला. तासाभरात १ नंबरच्या बुटात ती स्प्लिंट बसली. दीडशे रुपये घेतले. निघताना म्हणाले, “पोराले एकडाव घेऊनच या मॅडम, पाय पाहिल्याशिवाय बूट समजत नाही.” हे वाक्य मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगते.

असे कारागीर नागपुरात चौकाचौकांत आहेत. राज्यात संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे, गटई कामगारांना, म्हणजे रस्त्याकडेला बसणाऱ्या मोच्यांना, स्टॉल देण्याची योजना आहे. दुसऱ्या बाजूला मेडिकलसारखं मोठं सरकारी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे, दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी केंद्राचं सीआरसी आहे, जिथे ऑर्थोटिस्ट काम करतात. या दोघांना एका टेबलाशी बसवणारं कोणी नाही. ऑर्थोटिस्टने पंधरा दिवस शिकवावं, महामंडळाने कारागिरांना त्याचं मानधन आणि चांगलं साहित्य द्यावं, आणि महापालिकेने, जिल्हा परिषदेने बिल भरावं. पैसा कुठून, असं विचारणाऱ्यांना आठवण करून देते की स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी वापरायचा, असा राज्याचाच नियम आहे. शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३५०० रुपये धरलेले आहेत. त्यात साधनं, साहित्य, प्रवास सगळंच यायचं, म्हणून ते बुटाला पुरणार नाहीत हे मला मान्य आहे. पाच टक्क्यांतून पुरतील.

माझ्याच क्षेत्रातले काही जण म्हणतात, शाळेत रॅम्प नाहीत, स्वच्छतागृहं नाहीत, विशेष शिक्षक पुरेसे नाहीत, आणि तू बुटांचं काय घेऊन बसलीस? रॅम्प हवेतच. पारडीकडे दिव्यांगांसाठी मोठं उद्यान करण्याचं काम हाती घेतलं गेलं, त्याचाही मला आनंद आहे. पण रॅम्प बांधायला निविदा लागते, अंदाजपत्रक लागतं, वर्षं जातात. ही मुलं आज चालताहेत, आणि आखडलेली पोटरी दोन वर्षांनी शस्त्रक्रियेशिवाय सरळ होईलच असं नाही. बुटाचं काम या सोमवारी सुरू करता येतं.

हुडकेश्वरच्या मुलासाठी शेवटी दोन वेगळ्या नंबरांच्या दोन जोड्या घेतल्या. त्यातला एक बूट डाव्या पायात, एक उजव्या पायात, आणि दोन कोरे बूट शिल्लक. त्याची आई ते टाकून द्यायला तयार नव्हती. “मॅडम, तुमच्यापाशी राहू द्या. कोणाचा तरी उलटा पाय असंनच की.” तेव्हापासून माझ्या खोलीत खिडकीखालच्या फळीवर असे एकेकटे बूट जमत गेले आहेत. प्रत्येकाच्या तळाला मार्करने लिहिलेलं असतं: डावा, १३. उजवा, १. आज मोजले तर अकरा आहेत. मागच्या महिन्यात कामठीहून उजव्या अंगाने ताठर असलेली एक मुलगी आली. त्या फळीसमोर खाली बसून तिच्या बाबांनी एकेक बूट उलटा करून नंबर वाचले, आणि दोन बूट बाजूला काढून तिच्या पायांशी ठेवले. तिने आधी उजवा घातला.